येताना जास्त, जाताना कमी

आमच्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, या जगात कशावर विश्वास असेल तर तो स्वतःच्या हाताने ठोकलेल्या सीलवर. बाकी सगळी दुनिया संशयित. अंडी आणली की एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघणार. पाव आणला की काट्यावर ठेवणार. डॉक्टरकडे जाताना खिशात स्वतःचा थर्मामीटर, कारण "त्याच्या थर्मामीटरमध्ये ताप जास्त निघाला तर औषध कोणाचं खपणार?" लग्न ठरताना ताईचं वय त्यांनी आधी तिला विचारलं, मग आमच्या आईला विचारलं, आणि मग मला जिन्यात एकटीला गाठून विचारलं. मी तेव्हा शाळेत होते. तिन्ही उत्तरं जुळली म्हणून आमचं लग्न झालं, असं ताई अजून सांगते आणि सांगताना हसते. मला त्यात हसण्यासारखं काही कधी दिसलं नाही.

भाऊजींनी सगळी नोकरी टॅक्सीचे मीटर तपासण्यात काढली. शहराबाहेर एक सरळसोट रस्ता आहे, त्याच्या दोन टोकांना दोन पांढरे दगड आहेत आणि मधलं अंतर नीट मोजलेलं आहे. मीटर तपासायचा म्हणजे टॅक्सीत बसायचं, काचा वर करायच्या, या दगडापासून त्या दगडापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. जातानाचा आकडा आणि येतानाचा आकडा सारखा आला की मीटरला सील ठोकायचं. नाही आला तर सील तोडायचं आणि टॅक्सीवाल्याला उतरवून घ्यायचं. गाडी थांबली तरी मीटर पैसे मोजतच असतो, त्यामुळे त्यांचा आणखी एक नियम होता: अंतर तेच असेल आणि वेळ वाढला असेल, तर गाडी मध्ये कुठेतरी थांबली होती. तिसरी गोष्ट नाही. हा नियम लावून लावून त्यांच्या हाडात मुरला. टॅक्सीवाले त्यांना पाठीमागून साडेसाती म्हणायचे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि साडेसाती कायमची घरी आली.

मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. पुढच्या खोलीत माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. माणसं माप देताना पोट आत ओढतात हे मला रोज दिसतं, त्यामुळे लोक खोटं बोलतात यात मला नवल नाही. पण मी दोन बोटं कापड जास्त सोडते आणि गप्प बसते. भाऊजींना गप्प बसणं जमत नाही.

छकू ही ताईची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. आगगाडीने दीड दिवस, विमानाने अडीच-तीन तास. तिचा नवरा दवाखान्यांमधली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करतो. आमच्याकडच्या दोन दवाखान्यांचं कामही त्याच्याकडेच आहे, म्हणून महिन्यातून एकदा तो इथे येतो आणि सासरीच उतरतो. माणूस बोलायला बेताचा, जेवायला व्यवस्थित, आणि जेवण झालं की आपलं ताट आपण धुऊन ठेवणारा. ताईचा तो लाडका. भाऊजींनाही आवडायचा, पण त्या ताटाचं त्यांना जरा खटकायचंच. "सासरी ताट कोण धुतं? काहीतरी झाकायचं असलेला माणूसच एवढा गोड वागतो," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं, तुम्हीही एकदा धुऊन बघा, म्हणजे झाकायचं काही आहे का ते कळेल.

त्यांच्या घरची एक पद्धत होती. जावई तिकडे विमानात बसला की छकूला फोन करायचा, छकू ताईला कळवायची, आणि ताई त्या हिशोबाने स्वयंपाकाला लागायची. इथे उतरला की तो थेट ताईला फोन करायचा. परत जाताना हेच उलट. सगळ्यांना वाटायचं, किती काळजीचं घर आहे. या सगळ्या फोनांच्या वेळा भाऊजी मनातल्या मनात मांडत बसलेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका दुपारी चहा पिताना ते म्हणाले, "तुमच्या लक्षात आलंय का? जावयांना इकडे यायला तीन तास लागतात आणि परत जायला अडीचसुद्धा लागत नाहीत."

ताई म्हणाली, "बायकोकडे जायचं म्हटल्यावर विमान पळत असेल."

आम्ही दोघी हसलो. भाऊजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "जरा मजबूत दोरा दे. ताणला तरी वाढणार नाही असा." काखेत छकूचा शाळेतला नकाशा होता. माझं कापडं बेतायचं टेबल त्यांनी रिकामं करायला लावलं, नकाशा पसरला, आणि आमच्या शहरापासून छकूच्या शहरापर्यंत दोरा धरून अंतर मोजलं. मग छकूच्या शहरापासून आमच्या शहरापर्यंत पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. सुतावरून स्वर्ग गाठणं कशाला म्हणतात ते त्या दिवशी मी माझ्याच टेबलावर पाहिलं.

"अंतर तेच आहे," ते म्हणाले. "मग वरचा अर्धा तास कुठे गेला?"

"विमान रेंगाळलं असेल."

"विमान हवेत थांबत नाही. माणूस थांबतो. तो 'बसलो' असा फोन करतो ना, तेव्हा तो विमानात नसतोच."

कालपर्यंतचे 'जावई येतात' गेले आणि 'तो येतो' सुरू झालं, हे माझ्या कानाने टिपलं.

"मग कुठे असतो?"

त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. "तेच शोधायचंय."

मी म्हटलं, "भाऊजी, अर्ध्या तासात माणूस असं काय दिवे लावणार आहे?"

"मीटरशी खेळणारा नेहमी थोडंथोडंच खेळतो. एकदम दुप्पट पळवला तर गिऱ्हाईकच मानगूट धरेल."

"त्याचं तिकीट बघा. त्यावर वेळ असेल."

"तिकीट त्याच्या फोनमध्ये. मागितलं की सावध होणार. चोराला कुलूप दाखवून काय मिळतं?"

"मग सरळ विचारा."

"सरळ विचारल्यावर सरळ उत्तर दिलेला माणूस तू पाहिलायस?"

विमानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, मी कधी बसलेही नव्हते. रस्ता एकच आणि वेळ दोन, हे ऐकायला विचित्र वाटतंच. नाही म्हटलं तरी माझ्याही मनात पाल चुकचुकली.

पुढच्या फेरीला भाऊजी विमानतळावर पाळत ठेवायला निघाले. ताईला कुणकुण लागली असावी, कारण तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जा त्यांच्याबरोबर. त्यांच्यावर लक्ष ठेव." म्हणजे ते जावयावर आणि मी त्यांच्यावर. आम्ही सामानाच्या ढकलगाड्यांच्या रांगेमागे उभे राहिलो. सगळी माणसं बाहेर येत होती, चुरगळलेली, जांभया देत. जावई आला तो काचेच्या दारापाशी थबकला, काचेत पाहून त्याने केस विंचरले, शर्टची कॉलर सारखी केली आणि मग ताईला फोन लावला.

"बघितलंस?" भाऊजी कुजबुजले. "म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांकडे येताना केस कोण विंचरतं? हे कुठून तरी आल्यानंतरचं विंचरणं आहे."

माणूस केस विंचरतो, त्यात काय, असं मी म्हणायला हवं होतं. पण मलाही ते विंचरणं खटकलं. एकाने बोट दाखवलं की दुसऱ्यालाही दिसायला लागतं, संशयाचं असंच असतं. त्या दिवशी जेवताना तो दोनदा फोनकडे बघून हसला, तेही मला दिसलं. एरवी दिसलं नसतं.

यानंतर भाऊजींनी जे केलं ते त्यांनी करायला नको होतं. रविवारी ताई बाजारात गेलेली पाहून त्यांनी छकूला फोन लावला. मी तिथेच बसून पडद्याला शिवण घालत होते. मला उठवून लावावं असं त्यांना वाटलं नाही. साक्षीदार म्हणून बरीच असेन.

"छकू, जावई घरातून निघतात किती वाजता?"

"का हो, बाबा?"

"सहज."

बाबांनी जन्मात सहज म्हणून काही विचारलेलं नाही, हे छकूला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. ती हसली. "कोणाची टॅक्सी तपासताय?"

"विमानात बसलो म्हणून तुला फोन येतो ना, तेव्हा मागे आवाज कसले असतात?"

आता ती हसली नाही. "बाबा, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. तू फक्त कान उघडे ठेव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तिला सावध केलेलं बरं." अगदी समाधानाने म्हणाले.

काही आठवडे छकूचे फोन कमी झाले. मग एक दिवस तिने ताईला सोडून मला फोन केला. "मावशी, हा परवा दवाखान्यातून उशिरा आला. यंत्र चालू होत नव्हतं म्हणाला. खरं असेल?"

मी म्हटलं, "अगं, यंत्र दुरुस्त करणारा माणूस यंत्र बिघडल्यावर उशिरा येणार नाही तर काय करेल?"

"पूर्वी मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी पिल्लूला घेऊन थोडे दिवस तिकडे येऊ का?"

पिल्लू म्हणजे तिचा दीड वर्षाचा मुलगा. नवऱ्याशी धड बोलणं नसताना पोर काखेला मारून 'थोडे दिवस' म्हणून निघालेली बाई परत केव्हा जाते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कात्री हातात तशीच घेऊन वर गेले आणि ताईच्या देखत सगळं ओकले. दोरा, ढकलगाड्या, रविवारचा फोन, सगळं. ताईला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. ती स्टुलावर बसली.

"पोरीचं घर मोडायला आलंय, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हाला तोडायची सवय आहे. हे परत ठोकून मिळणार नाही."

"मी खोटं काय बोललो? वेळ जुळत नाही म्हणजे नाही."

ताई एरवी त्यांच्या सगळ्या गोष्टींवर हसणारी. त्या दिवशी ती थंड आवाजात म्हणाली, "टॅक्सीत तुम्ही स्वतः बसून बघत होता ना? मग यातही बसा. जाऊन या. जाताना आणि येताना, दोन्ही. आणि हिला बरोबर न्या."

"तू चल," मी म्हटलं.

"मी गेले तर छकू माझ्या गळ्यात पडून रडेल, आणि मग मी तिला घेऊनच परत येईन," ताई म्हणाली.

अशा रीतीने आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. मी खिडकीपाशी जीव मुठीत धरून, आणि भाऊजी मध्ये, हातात कचेरीतलं जुनं स्टॉपवॉच घेऊन. पाण्याची बाटली मिळाली ती त्यांनी आधी झाकणाकडून तपासली. पट्टा तीनदा ओढून पाहिला. विमान उतरून थांबलं तेव्हा अडीच तासही झाले नव्हते.

"जाताना कमी, इथवर बरोबर," ते म्हणाले. "आता येतानाही एवढाच वेळ लागला की तो सापडला."

मी मनात म्हटलं, बाबा विमाना, येताना जरा रेंगाळ रे.

जावई आम्हाला न्यायला आला होता. दोन्ही पिशव्या त्यानेच उचलल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लहानसं, खुर्च्यांच्या पाठींवर पिल्लूचे कपडे वाळत घातलेले. तसं सगळं जागच्या जागी होतं. फक्त नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते पिल्लूमार्फत. "पिल्लू, बाबाला सांग, मीठ संपलंय." "पिल्लू, आईला सांग, आणतो." ज्याला धड 'आई' म्हणता येत नव्हतं त्या पोराच्या डोक्यावरून सगळा संसार चालला होता. जावयाने आमची ऊठबस मनापासून केली. आम्हाला पलंग दिला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला. भाऊजी त्याच्याकडे बघत असायचे आणि तो खाली मान घालून पिल्लूला भरवत असायचा. निघताना विमानतळावर तो भाऊजींना म्हणाला, "पोचलात की कळवा." भाऊजींनी नुसती मान हलवली.

परतीच्या विमानात भाऊजींनी स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं आणि डोळे त्यावरून हलवले नाहीत. अडीच तास होत आले. खाली बघावं तर ढगच. आणखी थोडा वेळ गेला. भाऊजी चुळबुळ करू लागले. शेवटी त्यांनी पाणी देणाऱ्या मुलीला हात करून बोलावलं.

"आपण मध्ये कुठे थांबलो होतो का?"

"काका, वर कुठे थांबणार?"

"मग वेळ का लागतोय? जाताना एवढा लागला नव्हता."

"समोरून वारा आहे ना. या बाजूला येताना बहुतेक असतोच. तिकडे जाताना तोच वारा मागून ढकलतो. सायकल चालवली असेल ना तुम्ही?"

एवढं बोलून ती रिकामे पेले गोळा करत पुढे गेली. तिला काय कल्पना, ती काय बोलून गेली ते.

"सायकल," भाऊजी म्हणाले. नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं ते त्या पांढऱ्या दगडांच्या रस्त्यावर सायकलनेच जायचे. संध्याकाळी समोरून वारा आला की घरी यायला उशीर व्हायचा आणि ताईला ते वाऱ्याच्या नावाने बोटं मोडून दाखवायचे. पण मीटर तपासायचे ते टॅक्सीच्या काचा वर करून. त्यांच्या नियमात वारा कधी शिरलाच नव्हता.

त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि खिशात टाकलं. मग म्हणाले, "म्हणजे तो खरंच विमानात बसलेला असायचा."

"हो."

"मी त्या पोराचं काय केलं गं?"

मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. साठी उलटलेला माणूस पट्ट्यात अडकून बसला होता आणि त्याला उठून कुठे जाताही येत नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

विमानतळाबाहेर टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांनी छकूला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. त्यांचा चेहरा एखादं मोठं बक्षीस घेऊन निघालेल्या माणसासारखा झाला होता.

"छकू, वारा असतो," ते म्हणाले. "येताना समोरून आणि जाताना मागून. जावयांचं काही नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंनी तपासलं. ते खरं सांगत होते. चुकलो मी, बाळा. आता हे सगळं डोक्यातून काढून टाक."

"वाऱ्याचं मला केव्हाच कळलं होतं, बाबा," छकू म्हणाली. "तुम्ही विचारलंत त्याच आठवड्यात मी विमान कंपनीला फोन करून विचारलं होतं."

"मग?"

"मग काय. तोपर्यंत मी त्याचे खिसे बघायला लागले होते. ऑफिसात फोन करून विचारत होते, निघाला का म्हणून. तुम्ही इथे यायच्या आधीच त्याला हे कळलं."

भाऊजींनी विचारलं, "ते काय म्हणाले?"

"काही नाही. तेव्हापासून कुठेही गेला की फोटो पाठवतो. दवाखान्याच्या दारातून, टॅक्सीतून, जेवायला बसला की तिथून. मी मागत नाही. तोच पाठवतो. खाली एक शब्दही लिहीत नाही."

"मग आता तरी खात्री पटली ना तुझी?"

"मी ते फोटो मोठे करून बघते, बाबा," छकू म्हणाली. "मागे कोणी उभं आहे का ते."

पलीकडे पिल्लू रडायला लागलं आणि तिने फोन ठेवला. भाऊजी घर येईपर्यंत फोन कानाला लावूनच बसले होते.